बिघडलेली गोधडी: उसवायची, झाकायची की तशीच ठेवायची?

मागच्या आठवड्यात शिरूरला हाच विषय बोलले, आज दौंडला बोलतेय. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, सासर इथलं, त्यामुळे न्हावरा-चौफुला रस्त्यावर माझं निम्मं आयुष्य गेलंय. शिरूरच्या कार्यक्रमानंतर एक बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, गोधडी कशी शिवायची हे सगळे सांगतात. बिघडल्यावर काय करायचं ते कोणी सांगत नाही." म्हणून आज शिवण्याबद्दल कमी आणि बिघडण्याबद्दल जास्त बोलणार आहे. आणि सुरुवात माझ्याच बिघडलेल्या गोधडीपासून करते.

आई गेली तेव्हा तिची दोन नऊवारी लुगडी राहिली होती आणि वडिलांचं एक धोतर. मी ठरवलं, भावासाठी गोधडी करायची. आयुष्यात तोवर दोन-तीन दुपटी आणि एक कुंची शिवलेली, पण मोठी गोधडी स्वतःच्या हातानं कधी नाही. आई शिवायची, आत्या शिवायची, मी सुईत दोरा ओवून द्यायची, एवढाच माझा अनुभव. वर आईचं हिरवं लुगडं, पोटात दुसरं लुगडं, कडेनं धोतराची पांढरी पट्टी आणि खाली अस्तर म्हणून बाजारातून आणलेलं नवं कोरं लाल सुती कापड. दोरा मात्र चांगला मजबूत हवा, पिढ्यान्‌पिढ्या टिकला पाहिजे, म्हणून नायलॉनचा घेतला. हा दोरा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचंय.

चारी कडांनी सुरुवात केली आणि गोल गोल आत शिवत गेले. मध्यावर पोचले तर लुगड्याला हा एवढा फुगा. ताटलीएवढा. मी तो दाबला, त्याच्या चुण्या घातल्या आणि शिवून टाकला. पहिल्या धुण्यात लाल कापडाचा रंग सुटला आणि धोतराची पट्टी गुलाबी झाली. वडिलांचं पांढरंशुभ्र धोतर! मी ती गोधडी तीन वेळा धुतली, मिठात ठेवली, लिंबू लावलं, उन्हात टाकली, परत धुतली. मे महिना होता, टँकरचं पाणी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण हंडे मोजत होत्या ते मला कळत होतं. शेवटी मी ती घडी करून पेटीत तळाला ठेवली आणि भावाला सांगितलं, अजून शिवून व्हायचीय. वर्षभर तेच सांगत राहिले.

आता मंडळी, इथे थोडं थांबून गोधडी म्हणजे काय वस्तू आहे ते बघू. त्याशिवाय ती बिघडते म्हणजे काय हे कळणार नाही.

आपल्याकडे गोधडी म्हणतात, वाकळ म्हणतात, कुठे लेपडी, चौघडी म्हणतात. ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांबाहेर वाळत टाकलेल्या वाकळी या भागात सगळ्यांनी बघितल्यात. भीमेपलीकडे कर्जतचं ग्रामदैवतच गोदड महाराज, म्हणजे गोधडी आपल्याकडे देवाच्या नावापर्यंत पोचलेली वस्तू आहे. पण मुळात ती हिशेबातून आलेली वस्तू आहे. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या केल्या की दोन-दोन मीटरचे चार पदर होतात. एका माणसाच्या पांघरुणाची लांबी आणि हवी तेवढी जाडी, सगळं एका लुगड्यात बसतं. सहावारीत ते बसत नाही. साडेपाच मीटरचे दोन मीटरप्रमाणे पावणेतीन तुकडे होतात, म्हणजे दुसरी साडी लागतेच. आणि दुसरी साडी आली की दुसरं कापड आलं, दुसरा स्वभाव आला. अर्ध्या अडचणी इथून सुरू होतात.

टाक्यांचा हिशेब बघा. सव्वा हात रुंदी नाही म्हणत मी, मीटरमध्येच सांगते. एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद, दोन मीटर लांब गोधडी. दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या तर पंचावन्न ओळी होतात, एकशे दहा मीटर शिवण. एका सेंटिमीटरला एक टाका धरला तरी अकरा हजार टाके. म्हणून "उसव आणि परत शिव" हा सल्ला द्यायला फार सोपा असतो. देणाऱ्याच्या बोटाला सुई टोचत नाही.

आता त्या फुग्याकडे येऊ. तो का येतो? सुई चालते तेव्हा वरचं कापड हळूच पुढे ढकललं जातं. एका टाक्याला केसाएवढं, पण असे हजारो टाके. एका बाजूनं सरळ ओळी घालत गेलात तर हा ढिलेपणा पलीकडच्या कडेनं बाहेर पडतो, तिथं थोडं कापड जास्त दिसतं, कापून टाकलं की झालं. चारी कडांनी आत आलात तर त्याला बाहेर पडायला वाटच नाही. तो मध्ये कोंडला जातो. म्हणून जुन्या बायका आधी अंगणात पदर अंथरतात, कोपऱ्यांवर दगड ठेवतात, हातानं मध्यापासून कडेकडे सारवल्यासारखं सपाट करतात आणि लांब लांब कच्चे टाके घालून घेतात. मी कच्चे टाके घातलेच नव्हते. घाई, दुसरं काय.

तुम्ही म्हणाल, कडेकडून आत शिवायची पद्धत तर आहेच की. आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात, ती कडेपासून मध्याकडेच जाते. पण त्यांच्याकडे वरचं कापड अख्खं नसतं. त्या जसजशा आत जातात तसतसे तुकडे लावत जातात. प्रत्येक तुकडा ढिलेपणा आपल्यापाशी मिटवतो, पुढे जाऊ देत नाही. पद्धत बरोबरच, पण ती तुकड्यांसाठी आहे. मी अख्ख्या लुगड्याला ती लावली. (हशा) हसा, हसण्यासारखंच आहे.

फुगा आलाच तर? चार बोटांपेक्षा लहान असेल तर पाण्याचा हात फिरवा, सुती कापड किंचित आवळतं, आणि मग त्या भागात बारीक टाके घालून ढिलेपणा थोडा थोडा वाटून टाका. त्याहून मोठा असेल तर चुण्या घालू नका. चुणीच्या धारेवर कापड आधी झिजतं. सरळ मध्ये चीर द्या, कापड एकमेकांवर चढवा आणि वर ठिगळ लावा. ठिगळ गोधडीत परकं नसतं.

रंगाचं सांगते. नवं कापड, त्यात लाल आणि काळं, पहिल्या काही धुण्यांत न चिकटलेला रंग सोडतं. घेताना ओलं पांढरं फडकं त्यावर जोरात घासून बघा, दोन मिनिटांत कळतं. आणि मिठाबद्दल सगळ्यांना एकदा सांगायचंय. रंगवताना मीठ घालतात, ते रंग धाग्याकडे ढकलायला. रंगवून झालेल्या कापडाचा रंग मिठानं पक्का होत नाही. मी किलोभर मीठ घालवलं, वर बोअरचं पाणी आधीच जड. रंग सुटलेला दिसला तर एकच गोष्ट महत्त्वाची: वाळू देऊ नका. ओलं आहे तोवर गार, भरपूर पाण्यात खळबळत राहा, घडी करून ठेवू नका, इस्त्री तर मुळीच नाही. मी पहिल्या धुण्यानंतर रडत बसले आणि गोधडी दोरीवर वाळली. त्यानंतरचे सगळे हंडे वाया.

त्यात आणखी एक. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. आईची लुगडी शेकडो वेळा धुतलेली, ती आटून बसलेली. अस्तर आटलं, वरचं तसंच राहिलं, आणि सगळी गोधडी चुरगळल्यासारखी झाली. पॉलिस्टरच्या साड्यांचं उलट होतं, सुती आटतं आणि साडी जशीच्या तशी राहते. आजकाल घरोघरी साड्या तशाच असतात, त्यामुळे जे काही नवं-जुनं एकत्र करणार असाल ते आधी दोनदा धुऊन वाळवून घ्या. एवढं एक केलं तरी निम्म्या तक्रारी संपतील.

बरं. वर्षानं आत्या राहायला आली. ऐंशीच्या घरात, डोळ्यांना कमी दिसतं. पेटीतून काहीतरी काढताना तिच्या हाताला ती गोधडी लागली. मी म्हटलं, "आत्या, राहू दे ती, बिघडलीय." ती म्हणाली, "अगं, बघू तरी." मांडीवर घेतली, उलटी केली आणि तळहातानं चाचपायला लागली. मी तिला तो फुगा दाखवतेय, गुलाबी पट्टी दाखवतेय. ती म्हणाली, "ते राहू दे गं. हे काय झालंय?" आणि तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. आईचं लुगडं टाक्याच्या रेषेत फाटत होतं. कागद कसा टोचून टोचून फाटतो तसं. एका ओळीत नाही, सात-आठ ओळींत. मी वर्षभर गुलाबी डागाचं दुःख केलं आणि हे मला दिसलंच नव्हतं.

हे काम त्या नायलॉनच्या दोऱ्याचं. नियम साधा आहे: दोरा कापडापेक्षा कमजोर हवा. गोधडी ओढली जाते, मुलं तिच्यावर उड्या मारतात, ओली झाली की तिचं वजन तिप्पट वाटतं. ताण आला की काहीतरी तुटणारच. दोरा कमजोर असेल तर दोरा तुटतो, आणि तो पाच मिनिटांत परत घालता येतो. दोरा मजबूत असेल तर कापड तुटतं. वस्त्रसंग्रहालयांत जुनी कापडं दुरुस्त करणारे लोकही हाच नियम पाळतात, मऊ आणि बारीक धागा वापरतात. आत्या संग्रहालयात कधी गेली नाही. तिनं एवढंच विचारलं, "हा दोरा का मासे पकडायला आणला होता?"

त्या दिवशी मला एक फरक कळला, आणि आजच्या भाषणात मला खरं तर एवढाच सांगायचा आहे. काही चुका डोळ्याला खुपतात आणि काही चुका कापडाला खातात. वाकडी ओळ, गुलाबी झालेली पट्टी, एक कोपरा दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठा, ही पहिल्या जातीची. ताणलेला दोरा, चुणीची धार, जाड दाभणानं पाडलेली भोकं, आत राहिलेली ओल, ही दुसऱ्या जातीची. आपला जीव पहिल्या जातीवर जातो, कारण ती लोकांना दिसते. दुसरी शांतपणे आपलं काम करत राहते. म्हणून बिघडलेली गोधडी हातात आली की आधी उलटी करा, डोळे मिटा आणि तळहातानं चाचपा. मग ठरवा.

तिरकी झालीय का हे बघायला मात्र डोळ्यावरही विसंबू नका, हातावरही नाही. एक दोरी घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. गवंडी घराचा पाया आखताना करतो तेच. कर्ण सारखे आले तर गोधडी गुण्यात आहे, तिरकी वाटते ती फक्त नक्षीमुळे.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत लागल्या, 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. वाकड्या ओळी, वेडेवाकडे चौकोन, आणि लोक रांगा लावून बघतात. हे सांगितलं की आमच्या बचत गटातल्या मुली म्हणतात, मग आमचंही वाकडं चालेल! चालेल ना. पण त्या गोधड्या आधी थंडीत अंगावर पांघरल्या गेल्या, कित्येक वर्षं, आणि टिकल्या. वाकडेपणाला माफी आहे, ढिलेपणाला नाही.

मग आमच्या गोधडीचं काय केलं? आत्यानं सांगितलं, सगळी उसवायची. उसवायचीही रीत असते. दोरा ओढायचा नाही. उलट्या बाजूनं दर चौथा-पाचवा टाका बारीक कात्रीनं कापायचा आणि सुलट्या बाजूनं दोरा अलगद काढायचा. मग पाण्याचं बोट लावून अंगठ्यानं घासायचं, सुती कापडात भोकं बरीचशी मिटतात. आम्ही दोघी संध्याकाळी बसायचो, दिवे लागले की थांबायचो. आत्याचा नियम होता, दमल्यावर कात्री हातात घ्यायची नाही. रात्री केलेलं उसवणं सकाळी रडवतं म्हणायची. पंधरा-सोळा दिवस लागले.

वरचं हिरवं लुगडं निम्म्याहून जास्त गेलं होतं. ते वर वापरण्याजोगं राहिलं नाही. आत्या म्हणाली, पोटात घाल. आपल्याकडे जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते हे तुम्हाला माहीत आहे, त्यात विशेष काही नाही. पण आईचं लुगडं आता दिसणार नव्हतं. वर माझ्या दोन जुन्या सुती साड्या आल्या. गुलाबी पट्टी तशीच कडेनं लावली. साधा सुती दोरा. एका बाजूनं सरळ ओळी.

भावाला दिली तेव्हा त्यानं गुलाबी पट्टीबद्दल काही विचारलं नाही. त्यानं विचारलं, "आईचं लुगडं कुठाय?" मी म्हटलं, आत आहे. तो बराच वेळ गप्प होता. मला अजून वाटतं, वर असायला हवं होतं. काही गोष्टी दुरुस्त होऊनही पूर्ववत होत नाहीत, ते मी लपवत नाही.

म्हणून आता मी कोणालाही सांगते, आठवणीचं कापड कधी सगळंच्या सगळं कात्रीखाली घालू नका. पदराचा वीतभर तुकडा बाजूला काढा, धुऊन, वाळवून, पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. गोधडी बिघडली तरी तो राहतो. त्यानं हात मोकळा होतो, भीतीनं चुका होत नाहीत. मी तो ठेवला असता तर वर्षभर पेटीकडे बघायला घाबरले नसते.

आणि ज्या विकायला शिवतात त्यांच्यासाठी दोन शब्द. आपला हा दौंड-बारामतीचा भाग पूर्वी भीमथडी म्हणून ओळखला जाई. त्या नावानं पुण्यात जत्रा भरते, तिथे आणि इतरही प्रदर्शनांत बचत गट आपल्या हातचं काम घेऊन जातात. हल्ली शहरातली गिऱ्हाइकं आपल्या आजीच्या साड्या आणून देतात आणि गोधडी करून मागतात. ते काम घेताना साडी उजेडासमोर धरून दोघींनी मिळून बघा. कुठे विरलीय, कुठे डाग आहेत, हे शिवण्याआधी सांगा, जमलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि काम बिघडलं तर त्याच दिवशी फोन करा. मी भावाला वर्षभर "व्हायचीय, व्हायचीय" सांगितलं, तो भाऊ होता म्हणून निभावलं. गिऱ्हाईक इतकं थांबत नाही, आणि खरं तर त्याला थांबवूही नये. साडी त्याची आहे. उसवायचं की झाकायचं हे त्यानं ठरवायचं, आपण फक्त काय होऊ शकेल ते सांगायचं.

वेळ होत आला आहे, दोन-तीन प्रश्न घेऊ.

प्रश्न: मशीनवर शिवलं तर या भानगडी टळतील का?

नव्या कापडाला टळतील, काही अंशी. जुन्या विरलेल्या कापडाला मशीनचे टाके फार जवळजवळ पडतात, दोन-तीन मिलिमीटरवर एकेक भोक. पुन्हा तोच कागद टोचल्यासारखा प्रकार. आणि मशीनची शिवण उसवायला हातशिवणीपेक्षा कितीतरी जड. जुनं लुगडं असेल तर हातानंच शिवा. नवं मांजरपाट असेल तर खुशाल मशीन वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: शेजारच्या बाई म्हणतात, चूक दिसली तर शुभ असतं, मुद्दाम एक ठेवावी.

अमेरिकेतल्या आमिश बायकांबद्दलही असंच सांगतात, की देवापुढे नम्रता म्हणून त्या मुद्दाम एक चूक ठेवतात. त्याला फारसा आधार नाही. आपल्याला मुद्दाम ठेवायची वेळ कधी येते हो? (हशा)

प्रश्न: माझ्या सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांची गोधडी अर्धी शिवून राहिलीय, सुईसकट. पुरी करावी की तशीच ठेवावी? मला त्यांच्यासारखे टाके जमत नाहीत.

हे बिघडणं नाही, पण अवघड आहे खरं. तुम्हाला ती वापरायची असेल तर पुरी करा. ठेवायची असेल तर ठेवा, कोणी काही म्हणणार नाही. पुरी करणार असाल तर त्यांच्यासारखे टाके घालायचा प्रयत्न करू नका, तुमचे घाला. त्यांची शेवटची ओळ कुठली आणि तुमची पहिली कुठली, हे पुढे मुलांना बोट ठेवून दाखवता येईल. त्यांनी चारी कडांनी सुरुवात केलीय का बघा, तसं असेल तर पुढे जाण्याआधी मध्ये कच्चे टाके घालून घ्या. घाई नाही, या वर्षी नाही तर पुढच्या उन्हाळ्यात. सुई मात्र आज घरी गेल्यावर काढा. पावसाळा तोंडावर आलाय, गंज धरला तर तिथलं कापड जाईल.